छातीतली खारी माती

पंडितचं एक पत्र माझ्याकडे उत्तराविना पडून होतं. दिवाळीनंतर आलं, संक्रांत गेली, होळी गेली, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, तरी माझ्याकडून त्याला एक ओळ गेली नव्हती. पत्र हरवलं नव्हतं की मी विसरलोही नव्हतो. टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली, रोज दिसेल असंच ते ठेवलेलं होतं. उत्तर सुचत नव्हतं, एवढंच.

पंडित धुळ्याला असतो, मी जळगावला. दोघांकडे फोन आहेत. पण त्याला फोनवर बोलताना खोकला येतो आणि मला फोनवर बोलताना शब्द सापडत नाहीत, म्हणून आमची पत्रं अजून चालू आहेत. आमचा पोस्टमन तरुण आहे. पाकीट हातात देताना तो माझ्याकडे थोडं कौतुकाने आणि थोडी कीव आल्यासारखं बघतो.

आमची ओळख धुळ्याच्या कॉलेजातली. वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. तो शिंदखेड्याजवळच्या खेड्यातला, मोठ्या आवाजाचा. मी धरणगावचा, चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की कान लाल होणारा. संध्याकाळी पांझरेच्या काठाने फिरायला जायचो, तेव्हा तो म्हणायचा, "हां लिल्या, आज काय वाचं? सांग." मग दिवसभर ग्रंथालयात वाचलेलं मी त्याला सांगायचो. झाडात पाणी वर कसं चढतं, विंचवाचं विष अंगात काय करतं, असलं काहीबाही. अवघड शब्द आला की तो वाटेत उभाच राहायचा.

"हाई नही समजनं. मन्ही मायले समजी आसं सांग."

मग त्याची आई समोर बसली आहे असं धरून मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. पुढे मी शाळेत शास्त्र शिकवलं ते याच पद्धतीने. बोलण्याची जी काही हिंमत माझ्यात आली ती त्या नदीकाठी आली, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर ती फारशी वाढली नाही.

पंडित कापसाच्या जिनिंग कारखान्यात लागला, तिथेच मुकादम झाला, तिथूनच निवृत्त झाला. आता त्याची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. त्याने पत्रात लिहिलं होतं:

"डॉक्टर म्हणतात, टीबी नाही, गाठ नाही. तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुप्फुसाला वण पाडताहेत. घरात कबुतरं आहेत का, ओल आहे का, बुरशी आहे का, असं सगळं विचारलं. मी म्हटलं, घर आरशासारखं आहे. लीलाधर, तू जन्मभर पोरांना सांगितलंस की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. मग माझे शिपाई मलाच का मारतात? मला समजेल असं लिही. थंडीत जिना चढतो, उन्हाळ्यात खाटेवरून उठवत नाही. एकदा कळलं म्हणजे मी मोकळा."

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. पुष्कळदा बसलो. पण शिपायांच्या पुढे लेखणी जाईना. शिपाई बंड करतात असं लिहिलं, ते फाडलं. शिपाई आंधळे होतात असं लिहिलं, तेही फाडलं. मी आठवी-नववीचा शास्त्राचा मास्तर. डॉक्टर नाही. चुकीचं काही लिहून बसलो तर? ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणली, मुलाने दिलेल्या टॅबवर रात्र रात्र नाही पण दुपार दुपार वाचत बसलो. जितकं वाचलं तितकं लिहिणं अवघड झालं.

चैत्रात एकदा ते पत्र पुन्हा वाचलं आणि एका ओळीवर थांबलो. थंडीत जिना चढतो. कापसाचा हंगाम थंडीतला. जिनिंग दिवाळीला सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बंद पडतं. कापसाच्या धुळीनेच हे झालं असं पंडित धरून चालला होता, पण कारखाना सोडूनही त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि त्याला त्रास होत होता तो उन्हाळ्यात. मी वाचलेल्या पुस्तकांत होतं की पुष्कळदा या रोगाला रोज श्वासातून आत जाणारी एखादी वस्तू कारण असते, आणि ती सापडली तर पुढचं नुकसान आवरता येतं.

मी बेबाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, "धुळ्याला जाऊन यावं म्हणतो."

"जा की," ती म्हणाली. "सहा महिने पाकीट जाईना, आता तुम्हीच जा तिकीट लावून."

एरंडोल, पारोळा करत बस दुपारी धुळ्याला पोचली. पंडितचं घर देवपुरात. त्याचा मुलगा ललित कामावर गेला होता. दार सुनेने उघडलं. मेघा तिचं नाव, माहेर साक्रीकडचं. आतल्या खोलीत अंधार करून पंडित खाटेवर उशांना टेकून बसला होता. तो इतका वाळला असेल असं मला वाटलं नव्हतं. आवाज मात्र होता.

"ये लिल्या. उत्तर बैलगाडीवर धाडं का रे तू? आजून पोचनं नही."

"मी आलोय ना."

"तू उना, पन मी पत्र मागं व्हतं. बस आठे, कूलरना म्होरे. धुळं तपी राह्यनं."

कूलर त्याच्या उशाशीच होता, खिडकीत नव्हे, खाटेपासून हातभर अंतरावर. समोर बसलो आणि वाऱ्याबरोबर एक वास आला. पावसाळ्यात भिजून राहिलेल्या पोत्याचा येतो तसा. मेघाने पाणी दिलं, मग बादली आणून कूलरमध्ये ओतली. पंडित कौतुकाने बघत होता.

"हाई पोर दिनमां तीन येळा पाणी भरस. इतलं तर मन्ही पोरनी बी नही कयं."

"काही नाही हो, आबा," मेघा मला म्हणाली. "नानांना घाम आला की खोकला वाढतो. म्हणून मी चोवीस तास चालूच ठेवते. रात्री उठून पण बघते पाणी आहे का."

मी उठून कूलरच्या मागे गेलो. बाहेरचा पत्रा पुसून लख्ख केलेला होता. जाळीतलं गवत मात्र काळं पडलं होतं, बोट लावलं तर बुळबुळीत. त्यावर राखाडी ठिपके होते. त्या एका क्षणी मला सगळं स्पष्ट दिसलं, आणि बोलण्यात कच्चा असलेला माणूस जे करतो तेच मी केलं. विचार न करता बोललो.

"हा कूलर आधी बंद करा. यानेच झालंय सगळं."

मेघा बादली धरून तशीच उभी राहिली.

"हे गवत कधी बदललं?" मी विचारलं.

"हे बदलायचं असतं?" ती म्हणाली. "मी आले तेव्हापासून हेच आहे. आमच्याकडे साक्रीला कूलर नव्हताच, आबा. मी रोज पुसते. पाणी पण गाळून घालते."

"पाण्याचं नाही. गवताला बुरशी धरलीय. पंखा ती उडवतो, पंडितच्या श्वासात जाते. तू जितका जास्त वेळ चालवतेस तितकी…"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचे डोळे भरले. ती बादली घेऊन स्वयंपाकघरात गेली. पंडितला खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. थांबल्यावर तो म्हणाला, "म्हंजे मन्ही सुनेना मुळे मी बिमार पडनू, आसं म्हनस का तू?"

"तसं नाही रे."

"तसंच शे. गिरणीना कापूस शे हाऊ छातीमां. तो आते निंघत नही. जी पोर मन्हं इतलं करस, तिले रडावाले उना का तू इतला दूर?"

कान लाल झाले होते, या वयातही. तिने चहा आणून दिला तो कसाबसा घेतला आणि पाचच्या बसने निघालो. मेघा दारापर्यंत आली, वाकून पाया पडली, पण वर बघितलं नाही.

बस पारोळ्याला थांबली. रस्त्याकडेच्या कडुनिंबाला झोका बांधून पोरी झुलत होत्या. आखाजी तीन-चार दिवसांवर होती. माहेरवाशिणी यायला लागल्या होत्या. तेव्हा लक्षात आलं की पंडितच्या घरात आखाजीची काहीच तयारी नव्हती. आंबे नव्हते, डाळ दळायला गेली नव्हती. असणार कशी? त्याची बायको भागाबाई चार वर्षांपूर्वी आखाजीच्या दिवशीच गेली. ज्या सणाला घरात मृत्यू होतो तो सण त्या घरात करत नाहीत. त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली, तरच तो पुन्हा सुरू होतो. पंडितकडे आखाजी बंद होती. त्याची मुलगी कामिनी सुरतेहून दिवाळीला येते, आखाजीला येत नाही.

आणि मग मला भागावहिनी दिसल्या. पदर खोचून, स्टुलावर उभ्या राहून, कूलरची जाळी काढणाऱ्या. किती तरी वर्षं मी आखाजीला दोन दिवस आधीपासूनच त्यांच्याकडे असायचो. आम्ही पुरुष ओट्यावर पत्ते कुटत बसायचो, आखाजीच्या दिवसांत पत्त्यांना कोणी नाव ठेवत नाही. मी हरायचो, कारण गुडघ्याखाली पुस्तक असायचं. आणि आतून त्यांचा आवाज यायचा. "अहो मुकादम, पत्ते ठेवा आणि हे गवत बाहेर फेका. लेक येईल उद्या, तिला कुबट वाऱ्यात निजवू का?" नवं गवत भरलं की घरभर ओल्या लाकडाचा वास यायचा. भिंती पुसणं, गाद्या उन्हात टाकणं, कूलरचं गवत बदलणं, ही सगळी आखाजीच्या आधीची कामं होती. लेक यायची म्हणून व्हायची. सण थांबला, लेकीचं येणं थांबलं, तसं ते कामही थांबलं. मेघा लग्न होऊन आली ती त्यानंतर. तिने ते कधी पाहिलंच नव्हतं.

हे मला तिथे बसल्या जागी सुचायला हवं होतं. मला सगळं बसमध्येच सुचतं.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून ललितला फोन केला. मेघाकडून कळल्यावर त्याने रात्रीच गवताचा फोटो छातीच्या डॉक्टरांना पाठवला होता. डॉक्टरांनी लगेच सांगितलं होतं, कूलर खोलीतून काढा आणि पेशंटला पुन्हा तपासायला आणा.

"मग काढला ना?"

"काढला होता, आबा. नानांनी आरडाओरडा करून परत लावायला लावला. म्हणतात, लिल्याने डॉक्टरला शिकवलं. मेघा हात लावत नाही म्हणून स्वतः उठून पाणी भरायला गेले आणि बाथरूमच्या दारात बसले धापा टाकत. ती रडतेय, हे चिडलेत. कूलर काढला म्हणजे दोष मेघाचा ठरला, असं त्यांच्या डोक्यात बसलंय."

"त्याला फोन दे."

पलीकडे कुजबुज ऐकू आली. मग खोकल्यातून पंडितचा आवाज, लांबून. "त्याले सांग, पत्रनं उत्तर आधी पत्रमां दे."

ललित ओशाळून हसला. "ऐकलंत ना? माझं तर ऐकतच नाहीत. तुम्हीच काय ते बघा, आबा."

मी फोन ठेवला आणि कागद घेतला. सकाळची वेळ होती. उत्तर आज लिहिलं नाही तर पंडित त्या वाऱ्यात आणखी दिवस काढणार होता. शिपायांनी सुरुवात केली, आणि तिसऱ्या ओळीला पुन्हा अडकलो. शिपाई म्हटलं की कोणी तरी शत्रू लागतो. शत्रू म्हटलं की पंडितला मेघाच दिसणार. आणि आपल्या शिपायांनीच आपल्याला मारलं म्हटलं तर फितुरी आली. गोष्ट कशीही फिरवली तरी कोणाच्या तरी माथी गुन्हा येतच होता. जन्मभर मुलांना जे सांगितलं ते मुळातच अपुरं असावं, असं वाटायला लागलं.

बेबाबाई दारात उभी होती. "पत्र लिहिताय की ग्रंथ?"

"पंडितच्या आईला कसं सांगू, ते सुचत नाही."

"ती बाई जाऊन तीस वर्षं झाली," ती म्हणाली आणि आत गेली.

पण आई म्हटल्यावर मला त्यांचं घर आठवलं. मातीचं, धाब्याचं, सपाट छताचं. आणि मग मी न थांबता लिहीत गेलो.

"पंडित,

तुझा प्रश्न होता, माझे शिपाई मलाच का मारतात. ते शिपाई आहेत हे मी पोरांना अर्धंच शिकवलं. ते तुमच्या धाब्यावर खारी टाकणाऱ्या माणसांसारखे जास्त आहेत.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी तुमच्या गावी आलो होतो. पावसाआधी छत गळू नये म्हणून तुझे चिंधा काका खारी माती टाकत होते. तू आणि मी त्यांना टोपल्या देत होतो. तहान लागेल म्हणून आपण पाण्याचं मडकं वर नेऊन ठेवलं. मडक्याला तडा होता, ते आपल्याला माहीत नव्हतं. पाणी झिरपत राहिलं. काकांना ओल दिसली. 'आठे ओल शे, टाका खारी.' टाकली. थोड्या वेळाने पुन्हा ओल. पुन्हा खारी. दुपारपर्यंत त्यांनी धूर जायचं भोकसुद्धा बुजवलं, आणि खाली चुलीपाशी तुझी आई गुदमरून बाहेर आली.

फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. त्यांची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तिथे काही पांढऱ्या पेशी राखणीला असतात. श्वासातून आलेला कचरा त्या खाऊन टाकतात. बुरशीचे कण रोज यायला लागले की त्या हाका मारून दुसऱ्या पेशींना बोलावतात. या दुसऱ्या पेशींची ओळख पक्की असते, एकदा पाहिलेला कण त्या विसरत नाहीत. तो पुन्हा आला की आणखी जोराने धावून येतात. या धावपळीत पापुद्रा दुखावतो. मग दुरुस्तीला तिसऱ्या पेशी येतात आणि तंतू विणून जखम भरतात. इथपर्यंत कोणाचं काहीच चुकत नाही. कण यायचे थांबले की काम थांबतं. पण कण येतच राहिले तर राखण करणाऱ्या हाका मारत राहतात आणि लिंपणाऱ्या लिंपत राहतात. पापुद्र्याची जाड भिंत होते. तिच्यातून हवा पलीकडे जात नाही, आणि तुला दम लागतो. तुझ्या छातीत चिंधा काका आहेत, पंडित. मन लावून काम करताहेत. त्यांना कोणी मडकं दाखवत नाही.

मडकं म्हणजे कूलरमधलं गवत, असं मला वाटतं आणि तुझ्या डॉक्टरांनाही वाटतं. कापसाने काही केलंच नाही असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर बघतील. पण जिनिंग थंडीत चालतं आणि तुला त्रास उन्हाळ्यात होतो, हे तूच लिहिलंस.

बसलेली खारी बहुतेक निघणार नाही. ते लपवून तुला बरं वाटेल असं लिहिलं तर मी तुला फसवलं असं होईल. पण जी भोकं अजून उघडी आहेत ती उघडी राहू शकतात. डॉक्टर औषध देतील, पण मडकं आधी उचलायला हवं.

आता मेघाचं. ते गवत दर वर्षी भागावहिनी बदलायच्या, आखाजीच्या आधी, कामिनी येणार म्हणून. वहिनी गेल्या, आखाजी बंद झाली, आणि त्या कामाची आठवण कोणालाच राहिली नाही. तुला नाही, ललितला नाही, इतकी वर्षं ओट्यावर बसून तुमच्याकडचे मांडे खाणाऱ्या मलाही नाही. मेघाला कोणी दाखवलं असतं तरच तिला कळलं असतं. आपणही मडकं तहान लागेल म्हणूनच नेलं होतं. तुझ्या आईने त्या दिवशी कोणाला शोधलं नाही, खोकत खोकत वर आली आणि मडकं उचललं. तुझा आईवर विश्वास होता. तिने केलं तेवढंच तूही कर.

हे पत्र मेघाला मोठ्याने वाचायला सांग. तुझ्या घरी येऊन मी तिच्याशी जे बोललो ते बरोबर बोललो नाही.

तुझा
लीलाधर"

लिहून झाल्यावर मला नेहमीप्रमाणे शंका आली. पेशींचं फार सोपं केलं का? डॉक्टरांनी वाचलं तर हसतील का? बेबाबाईला समोर बसवून वाचून दाखवलं. ती भाजी निवडत ऐकत होती. मधे एकदा हात थांबला.

"समजलं?" मी विचारलं.

"समजलं. चिंधा काकांचं वाईट वाटलं."

"एकदा नीट उतरून काढू का? अक्षर…"

"दुसरा कागद घेतलात तर जेवायला वाढणार नाही. पोस्ट बंद होईल."

छत्री घेऊन मी निघालो. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. पोस्टात पंख्याखाली रांग होती, मी सगळ्यात शेवटी. रांगेत मला आठवलं की 'त्यांना कोणी मडकं दाखवत नाही' हे वाक्य जरा कठोर झालं आहे. पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं, पण मी ते घरूनच चिकटवून आणलं होतं. माझा नंबर आला.

खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला. "धुळे? फोन नाही का बाबा त्यांच्याकडे?"

"आहे."

"मग?"

"त्यांनी पत्र मागितलंय."

त्यांनी पाकीट काट्यावर ठेवलं, स्पीड पोस्टची पट्टी चिकटवली आणि माझ्याकडे न बघता पैसे सांगितले.

"उद्या पोचेल ना?" मी विचारलं.

"धुळ्याला उद्या पोचायला हवं." त्यांनी पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. "पुढे या. नेक्स्ट."

मी बाजूला झालो.